आधी मी घेतो, मग देतो

"हे घ्या परत," म्हणत मावशींनी पिशवी काउंटरवर उपडी केली. मॅग्नेशियमची बाटली, झिंकची बाटली, ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या, भोपळ्याच्या बियांचं अर्धं पाकीट.

दुकानात गिऱ्हाइकं उभी होती. त्यात मावशींचा आवाज खणखणीत, कारण त्यांना कमी ऐकू यायचं. कानातलं यंत्र त्या दिवसभर लावायच्या आणि रात्री काढून डबीत ठेवायच्या.

औषधवाल्याने मुद्दामच हळू आवाजात चौकशी केली, म्हणजे त्यांनीही हळू बोलावं. मावशींनी ते काही मनावर घेतलं नाही. यजमानांना अजून झोप नाही, आधी घटकाभर लागायची तीही आता गेली, असं त्यांनी साऱ्या दुकानाला सांगितलं. झोप नाही म्हणून ताकद नाही, ताकद नाही म्हणून सर्दी कायमची मुक्कामाला. डॉक्टरांनी तपासलं तर काही दोष नाही म्हणतात. आणि हल्ली तर ते रात्री उठून भिंतीशी भांडतात.

औषधवाल्याने जाणत्या माणसासारखी मान डोलावली. भिंतीशी भांडणं हे त्याच्या मते ब-बारा कमी असल्याचं लक्षण होतं.

"आणखी एक आठवडा बघते," मावशी सगळं पुन्हा पिशवीत भरत म्हणाल्या. "नाहीतर चौकातल्या मोठ्या दुकानात जाईन. आणि का गेले ते सगळ्यांना सांगेन."

मावशींनी सांगायचं म्हणजे दवंडीच.

त्याचं अख्खं दुकान एका वाक्यावर उभं होतं. 'आधी मी घेतो, मग देतो.' तशी पाटीच होती काउंटरवर. डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधं सोडली, तर बाकी जे काही तो विकायचा ते आधी स्वतःवर करून बघायचा. लोकांचा विश्वास होता तो त्याच्यावर नव्हे, त्या पाटीवर. ती खोटी ठरली, तर चौकातल्या दुकानात काचेचं दार आणि गारवा होताच.

यजमानांसाठी सांगितलेलं पथ्यही त्याने स्वतः अक्षरशः पाळलं होतं. दुपारनंतर चहा बंद. रात्रीचं जेवण लवकर आणि हलकं. झोपताना कोमट दूध, सकाळी कोवळं ऊन. कुठल्याशा माहितीपत्रकात वाचून तो उताणा झोपायला लागला आणि तेही त्याने यजमानांना कळवलं. त्याला स्वतःला गुण असा आला, की पाठ टेकायचा अवकाश, माणूस गेला. वर्षभरात साधी शिंक नाही.

सकाळी उठला की तो आधी पलंगाच्या डोक्याशी टांगलेला सासऱ्यांचा फोटो सरळ करायचा. गेले काही महिने तो रोज वाकडा झालेला असायचा. बायको झटकताना हात नीट लावत नाही, असं त्याचं मत होतं. मग खिडकी उघडायची, की कोपऱ्यावरच्या बेकरीतून पावाचा गरम वास आत यायचा आणि औषधवाल्याला जगात सगळं ठीक आहे असं वाटायचं.

"आज काय झकास झोप लागली म्हणून सांगू," तो दुसऱ्या दिवशी चहा घेताना म्हणाला.

"सांगायला नको, कळलं," बायको म्हणाली. ती अलीकडे बाहेरच्या खोलीत झोपायची. तिकडे वारा छान येतो म्हणे.

पण आज चहाही गोड लागेना. तीच बाटली, तेच दूध, त्याच बिया. मग एकाला अमृत आणि दुसऱ्याला पाणी, हे कसं? नक्की यजमान लपूनछपून चहा पीत असणार. असल्या माणसांना रंगेहाथच पकडावं लागतं.

दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी, ऐन दुपारी त्याने चपला घातल्या.

"आमचे धन्वंतरी सुट्टीचे कुठे निघाले?" बायकोने विचारलं.

"एका माणसाला झोपवायला. माझ्या नावाचा प्रश्न आहे."

बेकरीला वळसा घालून, आणखी एक वळण घेऊन तो मागच्या गल्लीत शिरला. इतकी वर्षं इथे राहून त्याचं त्या गल्लीत कधी काम पडलं नव्हतं. मावशींचं बिऱ्हाड शेवटून दुसरं निघालं.

यजमानांचे डोळे खोल गेले होते आणि रुमाल नाकाला चिकटलेलाच होता. औषधवाल्याने स्वयंपाकघर धुंडाळलं. चहाचा डबा फडताळाच्या वरच्या फळीवर धूळ खात होता, गोळ्या हिशेबाने उरायला हव्या तितक्याच उरल्या होत्या. माणूस सज्जन होता. औषधवाल्याला त्याची खरोखर कीव आली.

"झोपायची खोली बघू," तो म्हणाला.

खोली नीटनेटकी होती. उशी बेताची, पडदे जाड. खिडकीतून पावाचा वास येत होता, त्यामुळे औषधवाल्याला एकदम घरच्यासारखं वाटलं. फक्त पलंगाच्या डोक्याशी भिंतीचा पोपडा गेला होता, चांगला ताटाएवढा.

"ओल आहे का इथे?"

"ओल नाही," यजमान खाली बघत म्हणाले. "सांगायची लाज वाटते. हिला रात्रीचं काही ऐकू येत नाही, म्हणून हिला वाटतं माझं डोकं फिरलंय."

"डॉक्टरांपासून आणि औषधवाल्यापासून काही लपवू नये."

यजमान वाकले आणि त्यांनी पलंगाखालून एक जुना, जाड टाचेचा बूट काढला. "रात्रभर हे असं करावं लागतं," म्हणून त्यांनी पोपडा गेलेल्या जागी तो दाणदाण आपटला.

भिंतीपलीकडे काहीतरी खर्रकन घसरलं. मग तिकडून एका बाईचा सावकाश, सवयीचा आवाज आला.

"आत्ता का ठोकताय भाऊ? आमचे धन्वंतरी घरी नाहीत. कुणालातरी झोपवायला गेलेत."