खिळ्यावरचं फडकं

उत्तनच्या त्या सुट्टीपुरत्या भाड्याच्या घरात गिरिजा दुसऱ्यांदा आली, या वेळी एकटीच. गेल्या वर्षी निघताना आई पातेली घासत बसली, तेव्हा ती वैतागली होती, "आई, आपण पाहुण्या आहोत, मोलकरणी नाही." आई म्हणाली, "दुसऱ्याचं घर मिळालं तसं ठेवून जावं." आता ओट्याजवळच्या खिळ्याला निळ्या साडीचं फडकं होतं. घरमालकीण ॲलिसबाई म्हणाल्या, "तुझ्या आयनं अंथरायला आणलेली साडी फाडून दिली, माझं फडकं विरलेलं बघून. ती न्हाय आली?" "गेली," गिरिजा म्हणाली. आईच्या साड्या तिने तेराव्याआधीच वाटून टाकल्या होत्या, कपाट बघवत नव्हतं म्हणून. दुसऱ्या दिवशी निघताना तिने फडकं घडी करून पर्समध्ये ठेवलं. दारापर्यंत गेली. मग परतून त्याच फडक्याने ओटा पुसला, ते धुऊन पिळलं आणि मिळालं होतं तसं खिळ्याला अडकवलं.