पुढचं कडवं

“पाचव्यांदा तेच कडवं! माझ्या गुडघ्यांचा तरी विचार करा कुणी,” ईडामावशी वर्लीनच्या मानेशी पुटपुटली आणि लगेच उत्तराची ओळ खणखणीत म्हणून मोकळी झाली.

अमेरिकेतल्या जॉर्जियाच्या किनाऱ्यावरच्या त्या लाकडी चर्चमध्ये गुलामगिरीच्या काळापासून भजन गात फिरायचा हा गोल असाच चालत आला होता. पाय उचलायचे नाहीत, एकमेकांवरून टाकायचे नाहीत, नुसते घासत पुढे न्यायचे. एकजण झाडूच्या दांड्याने जमिनीवर ठेका धरतो, गाणारी ओळ टाकते, बाकीचे ती झेलतात. तिने स्वतः हात धरून बोलावल्याशिवाय तिची जागा कुणी घ्यायची नाही.

गाणारी होती वर्लीनची एक्याऐंशी वर्षांची आई. दोन वर्षं ती अशीच एखाद्या कडव्यावर अडकत होती आणि सगळे दर वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखे झेलत होते.

“बाईंना आज हेच कडवं फार आवडलंय,” दांडेवाला म्हणाला. दोघी-तिघी हसल्याही. वर्लीनला ना हसू आलं, ना रडू. पुढचं कडवं तिला अख्खं येत होतं, पण ते तोंडात गार खड्यासारखं पडून होतं. पाय तेवढे चालले होते.

सहाव्यांदा तीच ओळ आली आणि अर्ध्यावर तुटली. ठेका चालूच राहिला. आईने पुढे होऊन लेकीचं मनगट धरलं.

“तू म्हण,” ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. “मला पुढचं आठवत नाही गं.”