भट्टी निवायच्या आत

टिंग असा आवाज झाला आणि तिच्या हातातली पिशवी जिन्यातच सुटली. बटाटे पायऱ्यांवरून घरंगळत खाली गेले. तिनं वळूनही पाहिलं नाही. जन्म काचेत गेलेल्या माणसाला तो आवाज दुसऱ्यांदा ऐकावा लागत नाही.

कामाच्या खोलीत नवरा भट्टीपुढे उभा होता. झाकण पार वर उचललेलं. भट्टीची धग दारापर्यंत येत होती आणि उघड्या खिडकीतून गार वारा सरळ भट्टीच्या पोटात शिरत होता. हातमोजे मात्र त्यानं आठवणीनं घातले होते.

"अहो! खाली घ्या ते झाकण!" ती ओरडली.

तो दचकला. झाकण धाडकन पडलं. आतून पुन्हा आवाज आला. या वेळी जाड आणि भरलेला. मग काहीच नाही.

आत तबक होतं. आजार कळायच्या आधीचं त्याचं शेवटचं काम. निळ्या काचेच्या पट्ट्या त्यानं स्वतः कापल्या होत्या, पुसून लख्ख केल्या होत्या, एकीला एक भिडवून भट्टीत वितळवल्या होत्या. सगळ्या काचेच्या एकाच घराण्यातल्या निवडून घेतलेल्या. "नाहीतर निवताना भांडतात आणि तडकतात, जावाजावांसारख्या," तो म्हणायचा. पट्ट्यांची एक सपाट, जाड लादी झाली. ती खोलगट साच्यावर ठेवून पुन्हा तापवायची, म्हणजे मऊ होऊन आपल्याच वजनानं साच्यात उतरते आणि तबक होतं. तेवढं राहिलं. तेवढ्यात त्याचं विसरणं सुरू झालं. आधी गिऱ्हाइकांची नावं गेली, मग घरचा रस्ता.

लादी तिनं जुन्या चादरीत गुंडाळून कपाटात ठेवली होती. हात लावायचा धीर होत नव्हता. आपल्या हातून बिघडली तर? शेवटी लेकच फोनवर म्हणाली, "आई, बाबांना कळतंय तोवर कर गं. त्यांच्या हातात देऊ या."

म्हणून तिनं केलं. साच्याला पांढरा लेप दिला, वाळवला, लादी मधोमध बसते ना ते चारही बाजूंनी पाहिलं. काल भट्टीच्या भोकातून डोकावली तेव्हा काच अशी सुरेख उतरली होती की तिला एकटीलाच हसू आलं. आता फक्त निवायचं होतं. हळूहळू, अख्खा दिवस, झाकणाला बोटही न लावता, नाहीतर गार वाऱ्यानं काच तडकते. हे तिला त्यानंच शिकवलेलं. "भट्टी आणि झोपलेलं मूल, दोघांवरचं पांघरूण ओढायचं नाही," असं शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला तो सांगायचा आणि आपल्याच विनोदावर सगळ्यात आधी हसायचा.

खोलीला कुलूप घाल, असंही लेक म्हणाली होती. ते तिच्यानं झालं नाही. सबंध घरात ही एकच खोली होती, जिथे बसल्यावर तो "आपण घरी कधी जायचं?" असं विचारत नसे.

तिनं भट्टीशी जाऊन झाकण उचललं. आता जपायचं काही उरलं नव्हतं. तबक मधोमध चिरलं होतं, आणि एका अर्ध्याचा काठ निराळा होऊन साच्यात पडला होता. निळा रंग मात्र अगदी त्याला हवा होता तसा आला होता.

"काय केलंत हे?" तिचा आवाज चिरकला. "एवढंच उरलं होतं हो तुमचं माझ्याजवळ. एवढंच!"

ती तिथंच स्टुलावर बसली आणि रडू लागली. डॉक्टरांनी सांगितलं त्या दिवशी ती रडली नव्हती. तो स्वतःच्याच गल्लीत हरवला आणि दूधवाल्यानं हाताला धरून आणून सोडला, त्या दिवशीही नाही. आज ते सगळं एकदम आलं. पदर तोंडात कोंबला तरी थांबेना.

तो अवघडून उभा राहिला. मग त्यानं हातमोजे काढून टेबलावर नीट एकावर एक ठेवले. काच पुसायचं मऊ फडकं घेतलं, झटकलं आणि तिच्यापुढे धरलं.

"अहो बाई, रडू नका," तो म्हणाला.

लग्न झाल्यापासून 'अहो' हा शब्द तिचा होता. त्यानं तिला 'अगं'शिवाय हाक मारलेली नव्हती. नावानं मारली असेल तर भांडणात. तिनं मान वर केली. त्याचे डोळे स्वच्छ होते, त्यात ओशाळलेपण होतं आणि दुकानात आलेल्या परक्या बाईशी बोलताना असायची ती अदब होती.

"चूक माझी आहे," तो आवाज खाली आणून म्हणाला. "मीच उघडलं. तुमच्यावर काही येऊ देणार नाही मी. फक्त एक करा. माझ्या बायकोला एवढ्यात सांगू नका."

तिनं फडकं घेतलं. तोंड पुसलं.

"का?" तिनं विचारलं. "रागावतील त्या?"

"रागावेल की! तिच्या रागाची सवय आहे मला." तो किंचित हसला. मग त्यानं जिन्याकडे पाहिलं, कुणी येत नाहीये ना याची खात्री केली, आणि तिच्याकडे वाकून हळूच म्हणाला,

"पण ती रडायला लागली ना, की मला बघवत नाही हो."