पौर्णिमेचं दूध

"बकरीच्या दुधाची खीर कोनं खाल्ली हाय का आजवर? उग्र लागते थे," बेबीताई पातेल्यावर वाकून कुरकुरली. दारात उभ्या वर्षालीला ऐकू जाईल एवढंच हळू.

बुद्धपौर्णिमेची सकाळ, आणि विहारात दूध नव्हतं. विहाराच्या नव्या भिंतीवरून वाद झाला नि गावानं बौद्धपुऱ्यावर बहिष्कार टाकला, त्याला अठरा दिवस झाले होते. चक्कीवाला दळण घेईना, दुकानदार साखर देईना, दूधवाला पुऱ्याकडे वळेना. गूळ तेवढा अकोटहून आणला होता.

"दीड लिटर हाय, काकू. आत्ताच काढलं," वर्षालीनं कॅन उंबऱ्याशी ठेवली.

ती मांगपुऱ्यातली. एकोणीस वर्षांची. विहाराच्या खिडकीबाहेर उभी राहून वंदना शिकलेली. बहिष्कार पडल्यावर गावानं तिच्या बापाला बजावलं, पोरगी तिकडे गेली तर आमच्या लग्नात तुझं डफडं वाजणार नाही. बापानं डफडं राखलं, पोरगी घराबाहेर काढली. सोबत दोन बकऱ्या दिल्या. तेवढी माया होती त्याला. चार दिवसांपासून ती कापसाच्या बंद पडलेल्या जिनिंगच्या शेडमध्ये राहत होती.

"उनानं फाटलं असंन," गीतांजली म्हणाली.

"नाई वं ताई, पाहा न." वर्षालीनं झाकण काढलं. दूध छान होतं. कुणी वाकून पाहिलं नाही.

"भंतेजींले खोकला हाय म्हणतेत," संध्यानं शोधून काढलं.

"खोकल्याले तं बकरीचंच दूध देतेत," वर्षाली हसून म्हणाली. आणि मग तिला कळलं. हसू तसंच थोडा वेळ चेहऱ्यावर राहिलं, त्याला कुठं जावं ते सुचेना. तिनं झाकण लावलं.

बेबीताईनं तांदळात पाणी ओतलं.

तरी ती गेली नाही. शाळेतली पांढरी ओढणी डोक्यावर घेऊन शेवटच्या चटईच्या काठावर बसली. अकोल्याहून भंतेजी आले, त्रिशरण सुरू झालं. दुसऱ्या ओळीलाच अर्ध्या बाया शेजारणीच्या तोंडाकडे पाहू लागल्या. वर्षाली डोळे मिटून म्हणत होती, एक अक्षर न चुकता. शरण जायला कुणाला विचारावं लागत नाही, हे तिला खिडकीबाहेरच उमगलं होतं.

वंदना संपली तशी ती उठली, कॅन उचलली आणि उन्हात चालू लागली. थांब वं, असं कुणाच्या तोंडून निघालं नाही.

भंतेजींच्या हाती द्रोण आला. त्यांनी गुळाच्या पाण्यातला भात पाहिला. हळहळून म्हणाले, "पौर्णिमेच्या दिवशीही गावानं दूध अडवलं म्हणायचं."

बेबीताई मान डोलवायला लागली. गीतांजलीनं पदर सारखा केला. संध्या भांडी गोळा करायला वळली.

भिंतीला टेकून बसलेली म्हातारी पंचफुला तेवढी हलली नाही.

"गावानं नाई अडवलं, भंतेजी. दूध दारात आल्तं. मांगाच्या पोरीच्या हातचं होतं, म्हनून आमी नाई घेतलं."