गोठ्यातली फटफटी

एकतिसावी किक मारली आणि चंपतच्या पायातली चप्पल उडून गोठ्यातल्या चिखलात पडली. फटफटी साधी खोकलीसुद्धा नाही.

"पाऊस!" तो ओरडला. "रातभर पडला ना मेला. पानी गेलं आत."

साडेआठ झाले होते. अकरा वाजता आदिलाबादला मास्तरकीसाठी कागदपत्रांची तपासणी होती आणि आजचा दिवस शेवटचा. सहा वर्षं हंगामी मास्तर म्हणून फळे पुसल्यावर यंदा कुठे यादीत नाव लागलं होतं. आज पोळा, पण आंध्र सरकारला पोळ्याचं काय? नाल्याला पूर आला म्हणून बस पलीकडूनच परत गेली होती. आता राहिला तलावावरून फिरून जाणारा कच्चा रस्ता, आणि ही वीस वर्षांची फटफटी.

शेजारच्या दौलतला हाक गेली. दौलत विहिरींवरच्या मोटारी दुरुस्त करायचा, त्यामुळे जिला वायर आहे ती प्रत्येक वस्तू आपल्याच अखत्यारीत येते असं त्याला वाटे. त्याने आधी हॉर्न दाबला. वाजला. दिवा लावला. लागला.

"बॅटरी बरी हाय."

"थे मले बी दिसते. चालू काऊन नाई होऊन राह्यली, थे सांग."

घाई नावाची गोष्ट दौलतच्या घराण्यात नव्हती. त्याने किल्लीच्या स्विचमध्ये फुंकर मारली. एकेक वायर लुंगीच्या टोकाने पुसली. मग प्लग काढून आत चुलीवर तापवायला नेला. चुलीवर पुरण शिजत होतं. चंपतची माय रुक्माबाई हिने पातेलं बाजूला सरकवून दिलं आणि पाठ फिरवून बसली. एरवी गाडी बिघडली की तिची दोन मतं तरी ठरलेली असत.

तापवलेला प्लग वायरीच्या टोकाला असलेल्या रबरी टोपीत बसवून दौलतने इंजिनाला टेकवला. चंपतने किक मारली. ठिणगी नाही. घरातला दुसरा प्लग आणला. तोही मुका.

नऊ वाजून गेले. चंपतने गाडीला, पावसाला, नाल्याला आणि शेवटी दौलतला शिव्या घातल्या. दौलतने त्या निवांत ऐकून घेतल्या, रबराची टोपीच वायरीवरून फिरवून काढली आणि नुसती वायर इंजिनाजवळ धरली.

"मार आता."

चट्टदिशी निळी ठिणगी उडाली. तिच्यामागोमाग दौलतही उडाला.

"वायरीत करंट हाय," झिणझिणणारा हात झटकत तो खुशीत म्हणाला. "म्हंजे टोपीच चोर."

त्याने करंगळी टोपीत घालून फिरवली. करंगळी पिवळीधमक बाहेर आली. त्याने ती हुंगली.

"चंपत, लोनी हाय गा हे. अन् हळद."

चंपतने टोपी हिसकावून घेतली. आत पिवळं पाणी आणि लोण्याचा गोळा. मघापासून इंजिनावरून तो जो चिखल पुसत होता, तोही चिखल नव्हता. पाऊस बिचारा निर्दोष होता.

"माय!"

रुक्माबाई दारात आली.

"काल खांदमळणी केली तू? फटफटीची?"

"मंग कोनाची करू?" ती म्हणाली. "खांदे मळाले बैल कुठं हायेत? दोन साल झाले गोठा सुना. बैलाच्या जागी हेच उभी राह्यते. तुले शाळेत नेते, मले दवाखान्यात नेते. खांदा काई सापडेना, म्हनून जिथं तापते तिथं लोनी-हळद मळली, गरम पान्यानं शेकलं. थे टोपरं आडवं येत होतं. काढलं, मळलं, परत बसवलं."

चंपतने टोपी तिच्या नाकासमोर नाचवली. आवाज भलताच चढला.

"माही सहा वर्सं पान्यात चालली, माय! लोखंड हाय थे, लोखंड! त्याले खांदा नसते. त्याले काई दुखत नसते!"

रुक्माबाई आत गेली. आपण फार बोललो हे चंपतला कळलं, पण माफी मागायलाही वेळ नव्हता. दौलतने टोपी रॉकेलने धुतली, पुसून विस्तवाच्या धगीला खडखडीत सुकवली, प्लगचा पांढरा भाग पुसला, सगळं पुन्हा बसवलं. दुसऱ्याच किकला फटफटी धडधडली. कागदांची पिशवी सदऱ्यात कोंबून चंपत गाडीवर बसला.

समोर रुक्माबाई उभी. हातात ताट, ताटात कुंकू आणि पुरणपोळी.

"सरक माय. उशीर होऊन राह्यला."

"पोळ्याच्या दिवशी जुपून राह्यला त्याले," ती म्हणाली. "जा बापा, तुह्या कामाले म्या आडवी येत नाई. पन काल त्याले आवतन देल्लं म्या. आज आवतन घ्या, उद्या जेवाले या, असं सांगतलं. आता उपाशी कसं धाडू?"

चंपतने घड्याळ पाहिलं. साडेनऊ. गाडी बंद करायची छाती नव्हती, आणि मायला बाजूला सारायचीही नव्हती. दातओठ खात त्याने हँडल तिच्याकडे वळवलं, समोरचा दिवा तिच्या हाताला लागेल इतकं, बैल मान वळवतो तसं.

"लाव लवकर," तो म्हणाला. "अन् टोपीले हात नको लावू."