रोझेलचे बारा फोटो

"डावीकडून काढ! उजवा गुडघा खरचटलाय," रोझेल ओरडली.

ताडाआडचा माणूस दचकला. कॅमेरा लपवायला उशीर झाला होता.

हा तिसरा रविवार. हॉलिस नावाचा हा फोटोग्राफर लॉस एंजेलिसच्या व्हेनिस बीचवर तिच्या मागावर होता. त्याला कुणी पाठवलंय, हेही तिला पक्कं ठाऊक होतं. वेंडेलने, तिच्या घटस्फोटित नवऱ्याने. सहा वर्षांची टिशा कुणाकडे राहणार, याची सुनावणी मंगळवारी होती.

"बाई, आपणहून कशाला पुरावा देताय?" हॉलिस हळूच म्हणाला. "एवढा रविवार घरी बसा की."

"आठवडाभर इस्पितळात लोकांच्या चादरी बदलते मी. रविवार माझा. काढ!"

कुणीतरी रेडिओ मोठा केला. सोनेरी शॉर्ट्समधली रोझेल पुढे, तिच्या कमरेला धरून मागे दुसरी, तिच्या मागे तिसरा, अशी आठ-दहा जणांची आगगाडी स्केट्सवरून घरघरत सुटली. विग, पिसं, गालांवर चमकी. टिशा बाकावर मावशीशेजारी बसून टाळ्या पिटत होती.

ती फोटोत येणार नाही, याची हॉलिसने काळजी घेतली.

मंगळवारी लॉस एंजेलिसच्या कोर्टात वेंडेलचे वकील स्टॅनफिल यांनी बारा फोटो न्यायाधीशांपुढे ठेवले. न्यायाधीश ॲग्नेस ब्रिकर साठीच्या, करड्या केसांच्या. सकाळपासून एकदाही हसल्या नव्हत्या.

फोटोंना हात न लावताच त्यांनी विचारलं, "मुलगी कुठे होती?"

"मावशीजवळ, दहा पावलांवर. फोटोत तेवढंच घेतलेलं नाही," रोझेल म्हणाली.

"स्केटिंग सोडायची तयारी आहे?"

रोझेलच्या वकिलाने टेबलाखालून तिचा पाय दाबला. 'हो' म्हटलं की काम झालं असतं. टिशाचा चेहरा डोळ्यांपुढे आला.

"नाही, मॅडम. उद्या टिशालाही कुणीतरी म्हणेल, गप घरी बस. तेव्हा तिला काय सांगू? मीही बसले होते?"

वेंडेल खुशीत खुर्चीला रेलला. रोझेलच्या वकिलाने कपाळावर हात मारला.

न्यायाधीशांनी चष्मा चढवला आणि एकेक फोटो पाहू लागल्या. सातव्या फोटोपाशी त्या बराच वेळ थांबल्या.

"मिस्टर स्टॅनफिल, हिची कंबर धरलेली ही गुलाबी विगवाली कोण?"

"असेल हिच्यासारखीच कुणीतरी, युअर ऑनर. कामधंदा नसलेली, लाज सोडलेली. अशांच्या संगतीत ते लेकरू वाढणार!"

"असं?" न्यायाधीश कारकुनाकडे वळल्या. "लिहून घ्या. हा खटला मला चालवता येणार नाही, दुसऱ्या न्यायाधीशांकडे द्या. आणि आईच्या साक्षीदारांत माझं नाव घाला. ती गुलाबी विगवाली मी आहे."