चौथा ठिपका

पोर्चच्या व्हिडिओत मी कॉम्प्युटरवर बनवलेला डायनासोर उभा केला, तर तो लटलटायला लागला.

"मार्नी, थंडी वाजतेय गं त्याला!" माझी मैत्रीण ब्रिजेट खिदळली. "चुकलीस, कबूल कर."

"मी? हॅ!"

कॅमेरा कसा फिरला हे कॉम्प्युटरला कळावं म्हणून मी न हलणाऱ्या जागांवर केशरी ठिपके चिकटवले होते. खांबावर, पायरीवर, कुंडीवर. चौथा आजोबांच्या डाव्या हाताच्या बोटावर. आठ महिन्यांपूर्वी अर्धांगाचा झटका आल्यापासून तो हात ठेवू तसाच राहतो. त्यांनीच सुचवलं होतं, "इथे लाव, माझ्याइतकं स्थिर या घरात काही नाही."

मी एकेक ठिपका तपासला. खांब ठीक, पायरी ठीक, कुंडी ठीक. चौथा सरकत होता. ती जागा मोठी करून तीनदा पाहिली आणि लॅपटॉप घेऊन पोर्चवर धावले.

"आजोबा, माझा डायनासोर तुम्ही बिघडवलात! तुमचं बोट हललंय!"

त्यांनी व्हिडिओ पाहिला. मग बराच वेळ स्वतःचा हात पाहिला.

"ठिपका परत लाव," ते म्हणाले. "आता मुद्दाम बिघडवतो."